काकांच्या हाताची नोंद

सांडोर, वसई
७ सप्टेंबर २००३

प्रिय आग्नेल,

तुला आणि तुझ्या त्या थंड गावाला मावशीचा आशीर्वाद. आमचा फोन पंधरा दिवसांपासून मुका आहे. नाक्यावर नव्या इमारतीसाठी रस्ता खणला, त्यात केबल तुटली. म्हणून पत्र.

तुझ्या काकांच्या हाताबद्दल लिहायचं आहे. मे महिन्यात तू आला होतास तेव्हा उजवा हात जरा थरथरत होता, आठवत असेल. आता डॉक्टरांनी कंपवात म्हणून नाव दिलं आहे. कपबशी मी धरते, शर्टाची बटणं मी लावते. त्याचं त्यांना काही वाटत नाही. वाटतं ते नकाशाचं.

आपली बावखळं बुजवायला लागलेत. ज्या तळ्यांच्या पाण्यावर गावच्या केळीच्या बागा उभ्या राहिल्या, त्यांत आता डंपरने माती पडते आणि वर प्लॉट होतात. गावाने हरकत घ्यायचं ठरवलं आहे. सुनावणीत दाखवायला प्रत्येक बावखळाचा मोजमापासकट नकाशा हवा. सातिवलीच्या कारखान्यात आयुष्यभर आराखडे काढलेला माणूस गावात एकच, तेव्हा काम बेसिल डाबऱ्यांकडे आलं. पेन्सिल हातात राहत नाही, म्हणून तू बसवून दिलेल्या कॉम्प्युटरवर काढायला बसले. पण हात कापतो तसा तो बाणही कापतो. काठ काढायला जावं तर करवतीचे दाते निघतात. परवा त्यांनी माउस उचलून भिंतीकडे तोंड करून ठेवला आणि उठून गेले. या माणसाने आजवर एक पट्टीसुद्धा कधी आपटली नव्हती.

तू म्हणाला होतास, अडलं तर कळव. म्हणून कळवते आहे. तू जेवतोस ना वेळेवर?

तुझी
इनेझमावशी


टाम्परे, फिनलंड
२३ सप्टेंबर २००३

प्रिय मावशी,

सोबतच्या पाकिटात एक सीडी आणि पाच फ्लॉप्या आहेत.

काकांचा हात कापतो तो नेमका कसा, हे आधी मला बघायला हवं. कंप एका ठरावीक तालात असेल तर तो बाणापर्यंत पोचण्याआधी गाळून टाकणारा प्रोग्राम मी लिहू शकेन. त्यासाठी नोंद करणारं एक छोटं साधन बनवलं आहे. माउस जे जे सांगतो, किती सरकला, कुठे सरकला, कधी, ते सगळं ओळीमागून ओळ लिहून ठेवतं. चित्रबित्र काही दिसणार नाही. काळी खिडकी आणि पांढरी अक्षरं, एवढंच. तू शिक्षिका आहेस म्हणून तुझ्यावरच सोपवतो. काका चिडतील.

सीडी आत घाल. काळी खिडकी उघड. `su` लिहून एंटर दाब. पासवर्ड विचारेल, तो तुला माहीत आहे. टाइप करताना अक्षरं दिसत नाहीत, घाबरू नकोस. मग `cd /mnt/cdrom`, एंटर. मग `make install`, एंटर. बऱ्याच ओळी धावतील, त्या थांबल्या की साधन बसलं. त्याचं नाव मी `haat` ठेवलं आहे.

काका नकाशा काढायला बसले की आधी `haat ek` लिहायचं. मग त्यांना हवं तेवढं काम करू द्यायचं. झालं की त्या खिडकीत येऊन कंट्रोल आणि सी एकत्र दाबायचं. फाइल फ्लॉपीवर कशी उतरवायची ते मागच्या कागदावर लिहिलं आहे.

काकांना म्हणावं, तुमचा हात मला पोस्टाने पाठवा.

आग्नेल


सांडोर
१४ ऑक्टोबर २००३

प्रिय आग्नेल,

साधन बसलं. पहिल्यांदा नाही बसलं. `install` मध्ये मी एक एल गाळला आणि मशीनने मला सरळ सांगितलं की असा शब्द त्याला ठाऊक नाही. चौतीस वर्षं मी पोरांना हेच सांगत आले, तेव्हा राग आला नाही.

नोंद करायची म्हटल्यावर काका आधी बसायलाच तयार नव्हते. म्हणाले, "माझी थरथर तिकडे परदेशात कशाला पाठवतेस? इथे गावाने पाहिली तेवढी पुरे."

मी म्हटलं, "आग्नेल परका आहे का?"

"परका नाही म्हणूनच."

मग दुपारी, जेवणानंतर, आपणहून बसले. पुढची खिडकी लावून घेतली, रस्त्यावरून कोणी बघू नये म्हणून. पाद्रीच्या बावखळाचा पूर्वेचा काठ काढला. काळ्या खिडकीत ओळी इतक्या भराभर धावत होत्या की वाचता येईनात. ते काम सोडून त्या ओळींकडेच बघत बसले. म्हणाले, "हे सगळं मी आहे होय?"

फ्लॉपी सोबत आहे. तुझ्या मागच्या पत्रात तू जेवणाबद्दल काहीच लिहिलं नाहीस.

इनेझमावशी


टाम्परे
२ नोव्हेंबर २००३

प्रिय मावशी,

आज मृतांचा दिवस. तू आईच्या कबरीवर मेणबत्ती लावली असशील. इथे साडेचार वाजताच अंधार झाला आणि मी काकांची फाइल उघडली.

ओळी वाचायच्या कशा ते सांगतो. उजवीकडे दोन, डावीकडे दोन, उजवीकडे तीन, डावीकडे दोन. असं चालूच राहतं, सेकंदाला पाचेक वेळा, घड्याळासारखं. आणि त्याच्या खालून अगदी हळू, अगदी सरळ, एक ओढ जाते. ती काकांना काढायची होती ती रेषा. ती अजून शाबूत आहे, मावशी. त्यांना सांग.

मग मी एक केलं. या नोंदी उलट माझ्या मशीनला खायला घातल्या. माझा हात टेबलावर नव्हता आणि पडद्यावर बाण चालायला लागला. थरथरत, थांबत, वळण आलं की जरा रेंगाळत. काका कोपऱ्यावर आले की असेच रेंगाळतात. मी लहानपणी त्यांच्या मांडीला टेकून बघायचो. खोलीत कोणीतरी आहे असं इतकं वाटलं की मी खुर्ची सरकवून जागा केली.

तू दोनदा विचारलंस म्हणून लिहितो. मी बरा नाही. मे महिन्यात आईला माती देऊन झाल्यावर मी पोचलो, तेव्हापासून नाही. कामावर जातो असं तुला वाटत असेल तर वाटू दे. सकाळी उठायला कारण लागतं. सध्या काकांचा हात हे कारण आहे. ते सोडून दुसरं नाही.

एक विचारायचं आहे. कंपाच्या प्रत्येक झटक्यानंतर लगेच एक बारीकसा उलटा ओढा दिसतो. तो कंपाचा नाही आणि काकांच्या रेषेचाही नाही. माउसची वायर कुठे अडकते का?

आग्नेल


सांडोर
१९ नोव्हेंबर २००३

प्रिय आग्नेल,

वायरच असेल. टेबलाच्या कडेला घासते खरी.

दोन फ्लॉप्या पाठवते. मधलं बावखळ आणि भेंडीचं बावखळ, दोन्हींचे काठ झाले. काकांना थंडीने खोकला धरला आहे, पण दुपारचं बसणं चुकवत नाहीत. "आग्नेलला नोंद हवी," म्हणतात आणि उठतात.

ओढ शाबूत आहे हे तुझं वाक्य मी त्यांना वाचून दाखवलं. ते म्हणाले, "पुन्हा वाच."

तू कामावर जा, बाळा. निदान जेव. इझाबेलने तुला उपाशी ठेवायला मोठं केलं नाही.

मावशी


टाम्परे
४ डिसेंबर २००३

प्रिय मावशी,

गाळणी अर्धी जमली आहे. कंप जातो, पण तो दुसरा उलटा ओढा जात नाही, त्याने रेषा लटपटते. वायर टेबलाला चिकटपट्टीने लावून एक नोंद पाठव. मला काकांच्या हाताखेरीज दुसरं काही नको आहे त्या फाइलीत.

काकांचा खोकला कसा आहे? डॉक्टरांना दाखवलं का? नाताळच्या फराळाचे फुगे तळशील तेव्हा माझ्या वाटचे काकांना दे.

मी या आठवड्यात दोनदा बाहेर पडलो. बर्फ पडतोय. पुढच्या फाइलीची वाट बघतो आहे. खरंच बघतो आहे.

आग्नेल


सांडोर
५ जानेवारी २००४

प्रिय आग्नेल,

तुला हवी तशी नोंद सोबत आहे.

खोकल्याचं विचारलंस. काका आता खोकत नाहीत. त्यांना शांत झोप लागली आहे. या वर्षी फुगे केले नाहीत.

जेवत जा.

मावशी


टाम्परे
२१ जानेवारी २००४

प्रिय मावशी,

तुझं पत्र फार छोटं होतं, पण फाइल मोठी होती, म्हणून माफ.

तो उलटा ओढा गेला. पार गेला. वायरच होती तर. आता फाइलीत फक्त काकांचा हात आहे, तोच ताल, तोच वेग. मी जुन्या नोंदी शेजारी ठेवून मोजलं. आणि खोकला थांबलेला दिसतो आहेच. मध्येमध्ये हात उचलला जायचा तो जात नाही. औषध लागू पडलंय का?

दोन आठवड्यांत गाळणी तयार होईल. सुनावणीच्या आधी पोचेल. मी परवा सूप केलं. दोन दिवस पुरलं.

काकांना सांग, एकदा माउसने सही करून पाठवा. प्रत्येक आराखड्याच्या कोपऱ्यात करायचे तशी. गाळणीची खरी परीक्षा तीच.

आग्नेल


टाम्परे
३० जानेवारी २००४

मावशी,

क्लेटनचा ईमेल आला. शाळेतला, आता कुवेतला असतो तो. सुट्टीवर गावी गेला होता. लिहितो, बेसिलकाकांच्या महिन्याच्या मिस्साला चर्चमध्ये गेलो होतो, तुझी फार आठवण निघाली, तुला येता आलं नाही याचं वाईट वाटलं.

मी ते कितीदा वाचलं माहीत नाही. मग त्याला विचारलं. बारा डिसेंबर, म्हणाला. न्यूमोनिया.

तुमचा फोन अजून मुकाच, तेव्हा अँजेलिनाबाईंच्या घरी फोन करावा असं दोनदा मनात आलं. शेजारणीच्या घरात उभी राहून तू काय बोलणार? म्हणून लिहितो आहे.

आई गेली तेव्हा मी नव्हतो. काका गेले तेव्हाही नव्हतो, आणि या खेपेला मला कळलंसुद्धा नाही. तुझ्यावर रागवायचं आहे, ते नंतर रागवेन. आधी एक सांग.

तुझ्या शेवटच्या फाइलीवर दोन जानेवारीची तारीख आहे. ती जुनी नोंद नाही. मी सगळ्यांशी ताडून पाहिली, एकही ओळ सारखी नाही. आणि त्यात काकांचा कंप आहे. मी ती पुन्हा पडद्यावर चालवली. बाण थरथरत गेला, कोपऱ्यावर रेंगाळला, वळला. माणूस माती होऊन तीन आठवडे झाले होते.

मावशी, तो हात कोणाचा आहे?

आग्नेल


सांडोर
१४ फेब्रुवारी २००४

प्रिय आग्नेल,

तो हात माझा आहे.

सगळं सांगते. वायर कधीच अडकत नव्हती. काका पहिल्या दिवशी बसले तेव्हा त्यांना एक रेष ओढवेना. मी मागे उभी राहून माझा हात त्यांच्या हातावर ठेवला. हात कापला की मी हलकेच उलट दाबायची. तू पाहिलास तो दुसरा ओढा माझा. त्यांनी तुला सांगू नको म्हटलं. बायकोने हात धरल्याशिवाय रेष निघत नाही हे भाच्याला कशाला, म्हणाले. दोन महिने रोज दुपारी आम्ही असेच बसलो. लग्नाला पस्तीस वर्षं झाली, पण इतका वेळ हातात हात कधी राहिला नव्हता.

मग खोकला छातीत उतरला. वसईच्या इस्पितळात पाच दिवस होते. शुद्धीत होते. म्हणाले, "खारीचं बावखळ राहिलं. ते तू काढ." मी हो म्हटलं. तुझं नाव काढलं. मी म्हटलं, कळवते. ते म्हणाले, "आत्ता नको. तो एकटा आहे तिथे." तुझं मृतांच्या दिवशीचं पत्र त्यांनी उशीखाली ठेवलं होतं.

दफनानंतर नातेवाइकांना मी सांगितलं, आग्नेलला मी स्वतः लिहीन. रोज कागद घ्यायची. रोज तुझं ते वाक्य आठवायचं, सकाळी उठायला दुसरं कारण नाही. आणि मग तुझं डिसेंबरचं पत्र आलं. पुढच्या फाइलीची खरंच वाट बघतो आहे. मला लिहवलं नाही.

तुझ्यासाठी काहीतरी पाठवावं आणि त्यांचं राहिलेलं काढावं, म्हणून नव्या वर्षात दुपारी टेबलाशी बसले. `haat` लिहिलं. माउसवर हात ठेवला.

हात कापायला लागला.

मला वाटलं रडू येतंय म्हणून. रडू येत नव्हतं. हात उचलला, थांबला. ठेवला, पुन्हा सुरू. तीच थरथर, आग्नेल. तळहाताला ती पाठ होती. दोन महिने मी ती वरून दाबत होते, आता ती आतून येत होती. कोपऱ्यावर आले तर हात आपोआप रेंगाळला. मी नव्हते रेंगाळले.

भाजी चिरताना हात स्थिर आहे. सुईत दोरा ओवला, ओवला गेला. फक्त तिथे बसल्यावर. डॉक्टर म्हणतात मनाचं आहे, सवय आहे, जाईल. अँजेलिनाने फादर ऑगस्टीनना बोलावून आणलं. त्यांनी घरावर पवित्र पाणी शिंपडलं. मग म्हणाले, मला दाखव. मी बसले. ते शेजारच्या खुर्चीवर बराच वेळ बघत राहिले.

"तुला भीती वाटते का, इनेझ?"

"नाही, फादर."

"मग मी बाहेर काढायचं तरी काय?" म्हणाले, आणि चहा न घेता गेले.

मी तुला फसवायला ती फाइल पाठवली नाही, असं म्हणणार होते. पण पाठवली तेव्हा मला ठाऊक होतं की तू ओळखशील कोणाचा हात ते, आणि चुकीचं ओळखशील. रागव. तुझा हक्क आहे.

नकाशा तसाच आहे. माझ्याच्यानेही करवतीचे दाते निघतात.

मावशी


टाम्परे
४ मार्च २००४

प्रिय मावशी,

उत्तराला उशीर झाला. रागवत होतो.

मग एका दुपारी ऑफिसात बोलावलं आणि विचारलं की नोव्हेंबरपासून तू फक्त अर्धे दिवस आला आहेस, पुढे काय करायचं आहे? मी म्हटलं, माझे काका गेले. हे शब्द मी पहिल्यांदाच बोललो होतो. आई गेल्याचंही मी इथे कोणाला सांगितलं नव्हतं. माझ्या वरचे साहेब उठले, त्यांनी कॉफी आणून दिली. इथे माणसं असंच करतात. मी तिथे बसून रडलो, आणि दुसऱ्या दिवसापासून पूर्ण वेळ जातो आहे.

तू केलंस ते बरोबर की चूक, मला ठरवता येत नाही. त्या महिन्यात मला खरं कळलं असतं तर माझं काय झालं असतं, याचा विचार मी टाळतो. तेवढंच सांगतो.

गाळणी पूर्ण झाली. नवी सीडी पाठवतो. पूर्वीसारखंच `make install`. मग `haat -s` लिहून एंटर. एस म्हणजे शांत. हात कसाही कापला तरी बाणापर्यंत फक्त ओढ पोचेल, आणि रेष सरळ येईल.

एक गोष्ट मात्र तुला आधी सांगायला हवी, न सांगता पाठवणं बरं दिसणार नाही. ही गाळणी मी काकांचा कंप मोजून बनवली आहे. ती जे काढून टाकते ते तेच आहे. वापरायची की नाही ते तू ठरव. नाही वापरलीस तर नकाशा मी इथून करून देईन, मापं पाठव.

आग्नेल


सांडोर
१८ एप्रिल २००४

प्रिय आग्नेल,

वापरली.

आधी खारीचं बावखळ मोजून आणलं, कारण काकांची त्याची मापं अर्धीच होती. ते आता अर्धं बुजलंय. एका बाजूला लाल माती, दुसरीकडे अजून पाणी आणि बगळे. अँजेलिनाने टेपचं एक टोक धरलं, मी दुसरं. मातीच्या बाजूला पाऊल ठेवलं तर पोटरीपर्यंत रुतले. डंपरवाला वरून ओरडला, "काय मोजता, बाई?" मी म्हटलं, "होतं ते."

घरी येऊन सीडी घातली. `haat -s` लिहिलं. माउसवर हात ठेवला. हात कापत होता, रोजच्यासारखाच, मनगटापर्यंत. आणि पडद्यावर बाण शांत चालला होता. हाताखाली ते होते आणि समोर कुठेच नव्हते. बारा डिसेंबरला मी रडले नव्हते, दफनालाही नाही, लोक म्हणाले बाई खंबीर आहे. त्या दिवशी खारीच्या बावखळाचा काठ काढताना रडले. काठ मात्र सरळ आला. जिथे बुजलंय तिथे तुटक रेषा काढली, आराखड्यात काढतात तशी. हे त्यांनीच शिकवलं होतं.

सुनावणीला मी गेले होते. साहेबांनी नकाशा टेबलावर पसरून नीट पाहिला. विचारलं, "या तीन बावखळांचे काठ असे दातेरी का आहेत? खारीचे तर सुबक आहेत."

मी म्हटलं, "ते माझ्या यजमानांनी काढलेत. मापं बरोबर आहेत. मोजून घ्या."

त्यांनी वर पाहिलं. पुढच्या तारखेपर्यंत माती टाकायची नाही असं सांगितलं. पुढची तारीख पावसाळ्यानंतर आहे. तोवर एक पाऊस तरी बावखळांत साठेल. पुढचं पुढे.

आता शेवटचं. ईस्टर झाला. सोमवारी दुपारी मी पुन्हा टेबलाशी बसले. काढायचं काही नव्हतं. गाळणी लावली नाही. नुसतं `haat` लिहिलं, आणि हात ठेवला.

काही झालं नाही.

वाटलं, जरा वेळ लागेल. खिडकी लावून पाहिली, काका लावायचे तशी. हात सैल सोडला. उचलून पुन्हा ठेवला. तळहाताखाली नुसता माउस, गार. मी तशीच बसून राहिले, न हलता, चर्चची संध्याकाळची घंटा होईपर्यंत. रोज बसते आहे. फादर म्हणतात हे चांगलं झालं. अँजेलिना म्हणते मिस्सा पोचल्या. मी दोघांनाही हो म्हणते.

त्या सोमवारची नोंद शेवटच्या फ्लॉपीवर पाठवते आहे. मला ओळी वाचता येत नाहीत. तू बघ. कुठे बारीकसं काही असलं तर मला कळव. नसलं तरी कळव.

मावशी


टाम्परे
३ मे २००४

प्रिय मावशी,

फ्लॉपी मिळाली. मी ती उघडली, मग दुसऱ्या मशीनवर उघडली. तुला खरं ते सांगायचं आहे.

तू माउसवर हात ठेवलास आणि उचललास तेव्हाच्या चार-पाच ओळी आहेत. त्यानंतर फाइलीत काही नाही. साधन बिघडलेलं नाही. माउस हलला तरच ते लिहितं, नाही हलला तर नुसतं चालू राहतं. बंद केलंस ती वेळ शेवटी आहे, साडेसहाची. मधे सगळी दुपार कोरी आहे.

मी ती पडद्यावर चालवली. बाण मधोमध येऊन थांबला. बाहेर ऊन होतं, इथे आता रात्री नऊपर्यंत असतं. मी समोर बसलो आणि तू जेवढी बसलीस तेवढा वेळ बसलो. मधे एकदा उठून चहा करून आणला. बाण हलला नाही. काका तिथे नव्हते, मावशी. तू होतीस. एवढ्या सगळ्या फाइलींमध्ये तुझ्या एकटीच्या हाताची ही पहिलीच.

मी सुट्टी मागितली आहे, मिळाली आहे. तेवीस तारखेला पोचतो. आधी आईकडे आणि काकांकडे जाऊन मग घरी येऊ, तू बरोबर चल. मला जागा दाखवायला कोणीतरी लागेल.

तुझा
आग्नेल